हसलीस की खोडणार

आमचा नेदरलँड्समधल्या हार्लेमचा घरमालक विनोदी नट होता, विनोदी लेखकही होता, आणि अमेरिकेत एके काळी त्याचा चेहरा घरोघरी माहीत होता. पण आम्ही त्याच्या घरात राहिलो तेवढ्या काळात मी त्याला एकदाही हसताना पाहिलं नाही. समोरचा काही गमतीचं बोलला तर पोस्टातला कारकून शिक्का मारतो तशी एकदाच मान हलवायचा आणि म्हणायचा, "हं. विनोदी आहे." पहिल्यांदा मला तो अपमानच वाटला. मग त्यानंच समजावून सांगितलं, की विनोदी मालिका जिथे लिहिल्या जातात त्या खोलीत कोणी हसत नसतं. टेबलाभोवती माणसं बसतात, दिवसभर एकमेकांना विनोद ऐकवतात, आणि एखादा फारच चांगला निघाला तर कोणीतरी कपाळाला आठ्या घालून म्हणतं, विनोदी आहे. हसायचं ते बाहेरच्यांनी. मी म्हटलं, आमच्याकडचे हलवाईही स्वतःच्या दुकानातले पेढे खात नाहीत. त्यावर त्यानं मान हलवली.

इंग्रजीत अहो-जाहो करायची सोय नाही, त्यामुळे माझ्या मनात तो 'तो'च राहिला, आणि मी चिडलेली असले की 'म्हातारा'.

मी नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. पुण्यात शाळेत गणित शिकवायचे, इथे येऊन पोळ्या लाटायला लागले आणि खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वर्गात डच शिकायला लागले. नवरा रोज गाडीनं अ‍ॅमस्टरडॅमला झुइडासमधल्या ऑफिसात जायचा. मग कोरोना आला आणि सगळंच बंद झालं. नवऱ्याचं ऑफिस आमच्या बेडरूममध्ये आलं, माझा वर्ग बंद पडला, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत भांड्याचा आवाज झाला तरी नवरा मीटिंगमधून डोळे वटारायला लागला. मी चहाचा कप घेऊन तो शिडीसारखा उभा जिना उतरायचे आणि मागच्या चिंचोळ्या बागेत सायकलींच्या शेडला टेकून बसायचे. समोर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून म्हातारा बसलेला असायचा. आमची ओळख अशी, दीड मीटर अंतर राखून झाली.

तो ओहायोतल्या एका छोट्या गावातला. बापाचं चपलांचं दुकान. शिकागोला जाऊन नाटकवाल्यांत शिरला, तिथून लॉस एंजेलिसला गेला आणि एका लांबलचक मालिकेत शेजारी झाला. दर भागात हा शेजारी दार न वाजवता स्वयंपाकघरात यायचा, फ्रीज उघडायचा, आत बघायचा आणि निराश होऊन निघून जायचा. एवढंच काम. लोकांना त्याचं नाव कधी कळलं नाही, पण विमानतळावर बायका-पोरं त्याला बघून हवेतल्या हवेत फ्रीज उघडून दाखवायची. बाकीचा वेळ तो इतरांसाठी लिहायचा. मग तिथे कपडेपट सांभाळायला आलेल्या एका डच बाईच्या प्रेमात पडला. तिला त्याची मालिका अजिबात विनोदी वाटत नव्हती आणि तिनं ते पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तिच्यामागून तो हार्लेमला आला तो कायमचा. इथे अ‍ॅमस्टरडॅमच्या छोट्या थिएटरांत इंग्रजीतून एकट्याचे कार्यक्रम करू लागला. डच लोक हसतात छान, तो सांगायचा, पण कार्यक्रम संपल्यावर भेटायला येतात आणि कुठे काय चुकलं ते समजावून सांगतात.

त्याच्या कार्यक्रमांची एक रीत होती. आधी काहीतरी अगदी गंभीर सांगायचं. लोक गप्प झाले की आपणही गप्प व्हायचं. समोरच्यांना सोसवेनासं होईपर्यंत गप्प राहायचं, आणि मग एका वाक्यात असं काही म्हणायचं की सगळं थिएटर फुटलं पाहिजे. ते गप्प राहणं म्हणजे त्याची कमाई. तेवढं यायला मला पंचवीस वर्षं लागली, असं तो म्हणायचा.

त्याला सवय होती, की कुठलंही नवं वाक्य अनोळखी माणसावर वापरून बघायचं. टाळेबंदीत अनोळखी माणसं मिळेनात, तेव्हा तो बेकरीबाहेरच्या रांगेत उभा राहायला लागला. पाव नको असायचा. पुढच्या माणसाला वाक्य ऐकवायचं, मागच्याला ऐकवायचं, आणि आत गेल्यावर रिकाम्या हातानं यायचं बरं दिसत नाही म्हणून पाव घ्यायचा. घरात पावांचा ढीग लागला. मी त्या वर्षी ब्रेडचा उपमा केला तेवढा आयुष्यात केला नाही. त्याला तो आवडायचा, फक्त कढीपत्ता बाजूला काढून ताटाच्या कडेला नीट रांगेत लावायचा.

आणि खोटं हसलेलं त्याला चालायचं नाही. एकदा मी भिडेखातर हसले तर म्हातारा रागानं आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, उपकाराचं हसू मला नको, त्यानं मी बिघडतो.

पहिल्या वर्षीचे गणपती आमच्या इथल्या मराठी मंडळानं ऑनलाइन केले. मला वाटलं, हा इतका तळमळतोय, याला दहा मिनिटं देऊ. आमच्या लोकांना इंग्रजी कळतंच. मंडळाचे सेक्रेटरी हो-नाही करत तयार झाले. आमच्याकडे नियम होता, की कार्यक्रम चालू असताना सगळ्यांचे माइक बंद, कारण आदल्या दिवशी आरतीत कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या आल्या होत्या. हे मी त्याला सांगितलं होतं, पण त्याचा अर्थ त्याच्या लक्षात आला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून तो लॅपटॉपसमोर बसला. मला वर माझ्या लॅपटॉपवर दिसत होतं, की लोक हसताहेत. एक काकू तर पदर तोंडाला लावून हलत होत्या. त्याला मात्र पडद्यावर फक्त त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता आणि कानावर काही येत नव्हतं. तरी तो रेटत राहिला. मग त्यानं ते गंभीर बोलणं काढलं आणि त्याच्या रीतीप्रमाणे गप्प झाला. बघत राहिला. पापणीसुद्धा हलू दिली नाही. तेवढ्यात सेक्रेटरींनी माइक चालू केला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "सर, तुमचं नेट गेलंय बहुतेक. तुम्ही अडकला आहात." त्यांच्यामागून आणखी दोघा-तिघांनी तेच सांगितलं. कोणी म्हणालं राउटर बंद करून चालू करा.

त्यानं लॅपटॉप मिटला. मी धावत खाली गेले, मास्क शोधायचंही सुचलं नाही. सगळे हसत होते, मी स्वतः पाहिलं, असं शपथेवर सांगितलं. ऐकू आलं नाही ते झालं नाही, असं काहीसं तो पुटपुटला आणि शर्ट बदलायला गेला. त्यानंतर तो बेकरीच्या रांगेतही उभा राहिला नाही.

त्याच्या हृदयाची झडप खराब होती आणि ऑपरेशन ठरलेलं होतं. ते एकदा पुढे गेलं, मग पुन्हा गेलं. खाटा कोरोनाच्या पेशंटांनी भरलेल्या, तिथे कोण कोणाला बोल लावणार. हिवाळ्यात हाउसआर्ट्स, म्हणजे आपल्याकडे फॅमिली डॉक्टर म्हणतात तशी बाई, घरी येऊन गेली. इथले डॉक्टर आडपडदा ठेवत नाहीत. तिनं त्याला विचारलं, की जास्त झालं तर अतिदक्षता विभागात जायचंय का, नळ्या घालून घ्यायच्या आहेत का, कारण तिच्या मते त्याचा उपयोग होणार नाही. तो नको म्हणाला. तिनं ते लिहून घेतलं, चहा घेतला, आणि गेली. मी बागेत होते, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. आमच्याकडे असं पेशंटला तोंडावर विचारत नाहीत, नातेवाइकांना बाजूला घेतात. पण त्याला बाजूला घ्यायला नातेवाईक होते कुठे?

एक मुलगी होती. कॅलिफोर्नियात. आई गेल्यानंतरच्या वर्षापासून बापाशी बोलत नव्हती. का, ते त्यानंच त्या आठवड्यात मला सांगितलं, आणि स्वतःची बाजू घेऊन सांगितलं नाही, एवढं मी मान्य करीन.

बायकोला कॅन्सर झाला तेव्हा हा तिच्या आजारावर कार्यक्रम लिहीत होता. तिला ते माहीत होतं. मुलगी आईजवळ राहायला आली होती. शेवटच्या दिवसांत एकदा आई मुलीला म्हणाली, "मला फार भीती वाटते. पण तुझ्या बाबाला सांगू नकोस. तो त्याचं काहीतरी करेल." आई गेल्यावर मुलगी याच स्वयंपाकघरात उभं राहून रडत रडत ते बापाला बोलून बसली. आणि बापानं त्याचं काहीतरी केलं. आधी बायकोच्या भीतीबद्दल गंभीरपणे सांगायचा, मग गप्प व्हायचा, आणि मग ते वाक्य. सगळ्या कार्यक्रमात मोठा हशा त्यालाच. मुलगी पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेत बसलेली. हशा चालू असताना ती उठून गेली.

"आणि तुम्ही नंतरचे प्रयोग बंद केलेत ना?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "फार चांगला जात होता तो कार्यक्रम."

त्या दिवशी मी उपमा त्याच्या टेबलावर आदळला आणि वर निघून आले. नवऱ्याला सांगितलं, तर हेडफोन काढून म्हणाला, "अगं, कलावंत असतात तसे." मी म्हटलं, डोंबलाचे कलावंत. घरच्या माणसाचं मरण विकणारा माणूस कलावंत कसला?

दोन दिवसांनी म्हाताऱ्यानं खालून काठीनं छत ठोकलं. मी गेले. त्याला मुलीला फोन करायचा होता. डॉक्टरीण बोलून गेल्यापासून त्याच्या डोक्यात तेवढंच होतं, की मरायच्या आधी तिची माफी मागायची. पण त्याला बोलता येत नव्हतं. म्हणजे असं, की तो तोंड उघडायचा आणि विनोद बाहेर पडायचा. सत्तर वर्षांची खोड ती. म्हणून त्यानं माफी लिहून काढली होती, आणि ती तो माझ्यावर वापरून बघणार होता. फक्त या वेळी हिशेब उलटा.

"तू हसलीस," तो म्हणाला, "की मी ते खोडणार."

मग त्या थंडीत आमचं काम सुरू झालं. तो दारात ब्लँकेट पांघरून, मी शेडपाशी माझी शाल आणि नवऱ्याचं जॅकेट घालून. पहिला मसुदा चांगला सहा-सात पानांचा होता. पहिलंच वाक्य होतं: "मी तुझी माफी मागायला बसलो आहे, कारण उभं राहिलं की धाप लागते." मला हसू फुटलं. त्यानं पेन्सिलनं रेघ मारली. पुढे होतं, की मी चांगला बाप नव्हतो हे खरं, पण त्या भूमिकेसाठी माझी ऑडिशनच कोणी घेतली नव्हती. रेघ. मी ओठ चावून धरले, आमच्या घरातली सगळी आजारपणं आठवली, तरी काही उपयोग होत नसे. हसू दाबणारी माणसं ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. नाकपुडी हलली, त्यानं खोडलं. काही वेळा मला ते वाक्य जाताना वाईट वाटायचं, कारण फार सुरेख असायचं. मी म्हणायचे, हे राहू दे हो, यात काय वाईट आहे? तो डोकं हलवायचा. वर नवरा पाय आपटायचा, त्याच्या क्लायंटला माझं हसणं ऐकू जायचं म्हणून.

पानं कमी होत गेली. त्याची तब्येतही. पाय सुजले, पायांत मोजे जाईनात. वाचताना वाक्याच्या मध्येच थांबून श्वास घ्यावा लागायचा. आणि विनोद खोडून खोडून आत जे उरत होतं ते ऐकवत नव्हतं. एक दिवस त्यानं जे वाचलं त्यात मला कुठेच हसू आलं नाही. तो कागदावरून मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. मी रडत होते.

"रडू पण नकोस," तो म्हणाला. "नाहीतर तेही खोडावं लागेल."

आणि मग पहिल्यांदाच स्वतःच्याच बोलण्यावर ओशाळला.

आमची संध्याकाळ म्हणजे कॅलिफोर्नियातली सकाळ, तेव्हा फोन लावायचं ठरलं. त्यानं मला खोलीत थांबायला सांगितलं. खिडक्या उघड्या ठेवून मी मास्क लावून कोपऱ्यात बसले. त्याला कमी ऐकू येत असल्यानं फोन स्पीकरवर. मुलीनं उचलला, याचंच मला आश्चर्य वाटलं. तिचा आवाज शांत होता. त्यानं विचारलं, थोडा वेळ आहे का? ती म्हणाली, आहे.

त्यानं कागद वाचला. मला तो पाठ आहे.

"तू मला स्वयंपाकघरात जे सांगितलंस ते माझं नव्हतं. तू विश्वासानं सांगितलंस आणि मी ते घेतलं. तुझी आई घाबरलेली होती. ते मला तू सांगण्याआधीही माहीत होतं. मी तिच्याजवळ बसलो नाही, मी लिहीत बसलो. मला माफ कर."

झालं. एवढंच उरलं होतं.

पलीकडून काहीच आवाज आला नाही. फोन चालू होता, कारण तिच्या घरातलं कुत्रं भुंकल्याचं ऐकू आलं. तो थांबून राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. एकदा त्याचे ओठ हलले, आणि मला शपथेवर सांगता येईल, की त्याला काहीतरी सुचलं होतं, चांगलंच सुचलं होतं. त्यानं हाताची मूठ तोंडावर दाबून धरली आणि ते गिळलं. तसाच बसून राहिला. मला वाटत होतं ओरडून सांगावं, अगं बाई, बोल काहीतरी, माणूस मरतोय इथे.

शेवटी ती म्हणाली, "बाबा, मला आता मीटिंगला जायचंय." आणि फोन बंद झाला.

त्यानं कागदाची घडी केली. "नीट झालं ना?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, नीट झालं. त्या मुलीचा मला इतका राग आला होता, की वर जाऊन मी दार आपटलं. चुकला असेल, पण एवढं कोरडं माणसानं असावं?

पुढच्या आठवड्यात एका सकाळी खालचे पडदे उघडले नव्हते. या गावात दिवसा पडदे ओढलेले म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे बेकरीवालीनं येऊन बेल वाजवून सांगितलं. तो खुर्चीतच गेला होता. मुलीला मीच कळवलं. ती म्हणाली, कळलं, आणि आभार मानले.

तिला येता आलं नाही. तिकडून इकडे यायचे नियम, परवानग्या, चाचण्या, त्यात दिवस निघून गेले. अंत्यसंस्काराला मोजकी माणसं, खुर्च्या एकमेकींपासून लांब, आणि कॅमेरा. थिएटरमधला एक जण बोलला. त्यानं म्हाताऱ्याच्या जुन्या कार्यक्रमातले किस्से सांगितले, लोक मास्कमधून हसले. मग इथल्या रीतीप्रमाणे कॉफी आणि केकचा एक तुकडा मिळायचा, तोही त्या वर्षी नव्हता. आम्ही सायकलीवरून घरी आलो. नवऱ्याला म्हातारा माझ्याइतका माहीत नव्हता, पण दारात आल्यावर तो म्हणाला, "खाली किती शांत झालंय गं."

त्यानंतर काही दिवसांनी मुलीचा फोन आला. घराच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, आम्ही कधीपर्यंत राहणार, असं कामाचं बोलून झालं. मी तुटकच बोलत होते. मग ती म्हणाली, "त्या दिवशी फोन स्पीकरवर होता. तुम्ही खोलीत होतात ना?"

मी हो म्हटलं.

"तो थांबला, त्याच्यापुढे काय होतं?"

"पुढे काही नव्हतं."

"नाही, असणार," ती म्हणाली. "तो आधी गंभीर बोलतो, मग थांबतो. मग येतं. काय होतं ते? मला फक्त ऐकायचंय."

मी तिला सांगितलं, की पुढे काहीच नव्हतं. सगळी थंडी आम्ही तो कागद घेऊन बसलो होतो. ज्यावर हसू येईल ते सगळं त्यानं स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं, त्यातली किती तरी वाक्यं फार चांगली होती, आणि शेवटी फक्त तेवढंच राहिलं होतं. त्यानं ते वाचलं, आणि ती काय म्हणते ते ऐकायला तो थांबला होता.

तिनं मला कागदातलं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "मी ठरवलं होतं, या वेळी चिडायचं नाही. काय असेल तो विनोद त्याला करू द्यायचा. तो संपला की त्याला सांगायचं होतं, बाबा, झालं, मी सोडून दिलंय."